जामीन



आम्ही दोघं नवरा-बायको गेली बारा वर्षं बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या खोलीत बाकं सरळ करायची, फळा पुसायचा आणि सुरुवात करायची. कुणाच्या घरी कोंकणी बोलतात, कुणाच्या घरी कन्नड. वर्ग चालतो तो मराठीत. गेल्या महिन्यात योसेफाची गोष्ट चालली होती. भावांनी त्याला विकलं, तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला, दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण त्या दिवशी दहा वर्षांच्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "टीचर, योसेफानं भावांना माफ केलं ना? मग त्यानं बन्यामिनाच्या पोत्यात चांदीचा प्याला का लपवला? ते तर फसवणंच झालं की!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणालो आणि प्रार्थना घेऊन वर्ग सोडला.

उत्तर सुचलं नाही असं नव्हतं. पण ते उत्तर द्यायचं तर आमच्याच घरातली एक गोष्ट आठवावी लागणार होती. दहा वर्षं झाली तिला. आजवर आम्ही ती फार थोड्या लोकांना सांगितली. त्या रात्री मुली झोपल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून पुन्हा सगळं बोललो आणि ठरवलं की या वेळी इथे तेच लिहायचं. आमच्यासारखं अनेकांच्या बाबतीत घडलं असणार. मित्रानं फसवलं म्हणजे माणूस ते कुणाला सांगतही नाही. पैसे गेले त्यापेक्षा आपण मूर्ख ठरलो याचीच लाज जास्त वाटते.

आमचा एक मित्र होता. नाव लिहीत नाही. आमच्या धाकट्या मुलीचा तो धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मेणबत्ती त्याच्याच हातात होती. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, 3 डिसेंबरच्या आधी, आम्ही एकदा त्याच्याबरोबर चोर्ला घाटातून चालत जुन्या गोव्याला गेलो होतो. वाटेत आमच्यापैकी एकाचा पाय मुरगळला तेव्हा त्यानं दोन दिवस दोघांच्या पिशव्या आपल्या खांद्यावर घेतल्या. रोज रात्री जपमाळ तोच सांगायचा. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर विश्वास ठेवू नये असं कुणाला वाटलं असतं?

त्याला उद्यमबागमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचं होतं. दोन लेथ मशीन घ्यायची, बाहेरच्या कारखान्यांचं जॉबवर्क करायचं. एका पतसंस्थेकडून कर्ज मिळणार होतं, चार लाख रुपये. दोन जामीनदार हवे होते. तो आणि त्याची बायको एका संध्याकाळी कुंदा घेऊन आले. चहा झाला, मुलगी त्याच्या मांडीवर बसली होती. त्यानं कागद पुढे केले, आम्ही पेन शोधलं आणि जिथे जिथे पेन्सिलीनं फुली केलेली होती तिथे तिथे सही केली. वाचलं काहीच नाही. दोस्ताच्या समोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं वाटलं.

एक माणूस मात्र आम्हाला आडवा आला होता. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन काका राहतात. सही करायच्या आधीच त्यांच्या कानावर गेलं होतं. ते घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "करू नका असं म्हणत नाही मी. पण वाचल्याशिवाय करू नका. आणि त्याचं आधीचं काही देणं आहे काय, ते विचारून घ्या. मला काहीतरी ऐकू आलंय." आम्हाला त्यांचा राग आला. चांगल्या माणसाबद्दल असं बोलतात म्हणून पुढे तीन महिने आम्ही त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

दीड वर्षानं नोटीस आली. आठ हप्ते थकलेले. त्याच्या घराला कुलूप, फोन बंद, वर्कशॉपमधली मशीनं कुणीतरी आधीच उचलून नेलेली. महिनाभरानं कळलं की तो कुटुंबासह गोव्याला गेला. आणखी कळलं की आमच्याकडे कागद घेऊन आला तेव्हाच त्याचं दुसरीकडचं एक कर्ज थकलेलं होतं. आमच्या प्रार्थना गटातल्या दोघांना ते माहीत होतं. त्यांच्याबरोबर आम्ही दर शुक्रवारी हात धरून प्रार्थना करत होतो. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," असं त्यांतला एक नंतर म्हणाला.

पतसंस्थेत गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं. आम्ही म्हणत होतो की आधी त्याला पकडा, त्याचं घर बघा, मग आमच्याकडे या. कायदा तसा नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे आपण 'मागे उभे' राहत नाही, त्याच्या शेजारीच उभे राहतो. तो निघून गेला की तिथे आपण एकटेच उरतो. आम्ही दोघंही पदवीधर. हे आम्हाला सही करण्याआधी माहीत असायला हवं होतं.

त्या दिवसांत आम्ही काय केलं ते लपवत नाही. राग राग केला. एकमेकांवरही केला. "तुझाच दोस्त तो," "आणि तूच म्हणालास ना सही कर म्हणून," हे रात्र रात्र चालायचं. मिस्सेत शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की प्रार्थना गटातल्या त्या दोघांकडे पाठ होईल अशा बेतानं आम्ही उभे राहायचो. स्तोत्र 55 तेव्हा आमचं झालं. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की वैऱ्यानं निंदा केली असती तर मी सोसलं असतं. पण हा तर माझा सोबती, आम्ही दोघं एकत्र देवाच्या मंदिरात जात होतो. इतक्या वर्षांत ते स्तोत्र कितीदा वाचलं असेल, पण कळलं त्या महिन्यात. पवित्र शास्त्रात या दुःखाला जागा आहे याचाच मोठा आधार वाटला. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं देव म्हणत नाही.

पण या गोष्टीत आम्ही अजून एक माणूस सांगितलेला नाही. तो म्हणजे दुसरा जामीनदार.

आमच्याच धर्मग्रामातला, फाउंड्रीत काम करणारा साधा माणूस. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मित्राला दुसरा जामीनदार मिळत नव्हता तेव्हा अण्णांना आम्हीच गळ घातली होती. ते मित्राला नीट ओळखतही नव्हते. आम्ही म्हणालो, "अण्णा, आम्ही ओळखतो त्याला. आमच्या भावासारखा आहे. काही होणार नाही." त्यांची मुलं आमच्या वर्गात शिकलेली. त्यांनी आमच्या तोंडाकडे बघून सही केली.

नोटीस आली त्या दिवसापासून पुढचे सतरा दिवस आम्ही अण्णांना टाळलं. त्यांनाही नोटीस गेली असणार हे माहीत होतं. रविवारी ते उजव्या बाजूच्या बाकांवर बसतात, म्हणून आम्ही डावीकडे बसलो. मिस्सा संपता संपता बाहेर पडलो. वर्ग आहे म्हणून सांगायला निमित्त होतंच.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात शेवटच्या भोजनाचा धडा आला. येशू म्हणतो, तुमच्यातला एक जण मला धरून देणार. आपण असतो तर लगेच इकडे तिकडे बघितलं असतं, कोण तो म्हणून. शिष्यांनी काय केलं? मत्तय 26 मध्ये आहे. प्रत्येकानं दुःखी होऊन स्वतःबद्दल विचारलं, प्रभू, तो मी तर नाही ना? फळ्यावर हे वाक्य लिहायला खडू हातात घेतला आणि हात थांबला. गेले कित्येक दिवस आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, आम्हाला कुणी फसवलं? आणि अण्णांना कुणी फसवलं होतं? त्या मित्रानं नव्हे. ते त्याच्यावर विसंबलेच नव्हते. ते आमच्यावर विसंबले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं पण बसा म्हणाली नाही. अण्णा कॉटवर बसून होते. नोटीस उशाखाली घडी करून ठेवलेली. आम्ही माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमी सांगितलासा म्हणून सही केलो, टीचर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर केलो नसतो." आवाज चढला नव्हता. चढला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

आम्ही त्यांना सांगितलं की त्यांच्या वाट्याचे पैसेही आम्ही भरू. बोलताना आमचं आम्हालाच खरं वाटत नव्हतं, इतका तो आकडा मोठा होता.

मग ज्यांच्याशी आम्ही तीन महिने नीट बोललो नव्हतो त्या पोस्टमन काकांकडे गेलो. "मी सांगितलं होतं," हे वाक्य त्यांनी तेव्हाही उच्चारलं नाही आणि आजवर उच्चारलेलं नाही. चष्मा लावला, सगळे कागद दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर पतसंस्थेत आले. तिथे तासभर बसून व्याजातलं थोडं कमी करून घेतलं. शेवटी 2,40,000 वर ठरलं. दरमहा 6,000, चाळीस हप्ते. बांगड्या गेल्या, घराची कौलं बदलायची राहिली, दर पावसाळ्यात मधल्या खोलीत बादली ठेवायची सवय झाली.

बेनसिराच्या सहाव्या अध्यायात मैत्रीबद्दल फार व्यवहारी बोलणं आहे. मित्र करायचा तर पारखून कर, घाईनं विश्वास टाकू नकोस. काही मित्र ताटापुरते असतात, अडचणीच्या दिवशी दिसत नाहीत. आणि खरा मित्र हा भक्कम आसरा आहे. हे आम्ही वर्गात शिकवत होतो. पण पारखायचं म्हणजे काय बघायचं, हे कळत नव्हतं. आम्ही बघत होतो कोण गोड बोलतो, कोण आपल्या मुलीला मांडीवर घेतो, कोण जपमाळ सांगतो. त्या सगळ्यात त्याचं ढोंग होतं असं आजही वाटत नाही. पिशव्या त्यानं खरोखरच उचलल्या होत्या. पण त्यातलं काहीच त्याला जड गेलं नव्हतं, उलट लोकांनी कौतुकच केलं. काकांना मात्र खरं बोलल्याबद्दल आमचा राग मिळाला. तरीही ते बोलले, आणि वेळ आली तेव्हा आले. आता आम्ही माणसाकडे बघतो ते असं. आम्हाला न आवडणारं, पण आमच्या भल्याचं, हा माणूस तोंडावर सांगतो का? आणि ते सांगण्यात त्याचं काही जात असलं तरी सांगतो का?

अण्णांचं काय झालं? ते वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. पण पहिला हप्ता भरला त्या रविवारी मिस्सेनंतर ते आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "पावती आणलासा काय? दाखवा." आम्ही दाखवली. त्यांनी तारीख वाचली, आकडा वाचला, परत दिली आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. दर महिन्याला तसंच. सुरुवातीला फार टोचायचं. माफी मागितली, पैसे भरतोय, आता आमच्या शब्दावर यांचा विश्वास नाही का? नव्हता. आणि तो का असावा? आमच्या शब्दावरच तर ते एकदा बुडाले होते. आता त्यांना शब्द नको होता, कागद हवा होता.

सातव्या महिन्यात पावती बघून झाल्यावर त्यांनी खिशातून 500 रुपये काढून आमच्या हातावर ठेवले. आम्ही नको म्हणालो. ते म्हणाले, "मी पण सही केलो होतो की." आम्ही घेतले. पुढे शेवटच्या हप्त्यापर्यंत ते दर महिन्याला देत राहिले. मधे कधीतरी त्यांनी पावती मागायचं सोडून दिलं. नक्की कोणत्या महिन्यात ते आम्हाला आठवत नाही. पण एका रविवारी आम्ही खिशातून पावती काढली आणि ते म्हणाले, "राहू दे वो," आणि पावसाबद्दल बोलू लागले. त्या रात्री आम्ही दोघं जे रडलो ते नोटीस आली तेव्हाही रडलो नव्हतो.

गेल्या वर्षी उपवासकाळात, एका शुक्रवारी क्रुसाची वाट संपल्यावर, चर्चच्या फाटकापाशी आमचा तो मित्र उभा दिसला. केस पिकलेले, खूप वाळलेला. हातात पाकीट, त्यात 5,000 रुपये. धाकटीचं प्रथम ख्रिस्तशरीर त्याच्याशिवाय झालं होतं. ती तेव्हा कितीदा विचारायची, धर्मपिता येणार नाहीत का म्हणून. आता ती दृढीकरणाच्या वर्गात आहे आणि विचारत नाही.

आम्ही त्याला घरी नेलं. चहा दिला. त्यानं रडत रडत सगळं सांगितलं, काही आम्हाला माहीत होतं, काही नव्हतं. क्षमा करायला आम्हाला त्या दिवशी काही वेगळं करावं लागलं नाही. ती चाळीस महिन्यांत थोडी थोडी होत आली होती. एकदा पापकबुलीच्या वेळी आम्ही फादरना म्हणालो होतो की क्षमा होत नाही, कारण पुन्हा तसंच झालं तर याची भीती वाटते. ते म्हणाले होते, "क्षमा करा असं प्रभू सांगतो. पुन्हा सही करा असं सांगत नाही." तेव्हापासून क्षमा सोपी गेली.

पण चहा संपल्यावर मित्र म्हणाला, "आता पूर्वीसारखं होऊ दे. मला तेवढंच पाहिजे." आम्ही गप्प झालो. हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही सोपं होतं. मग अण्णा आठवले. आम्ही त्याला म्हणालो, "पूर्वीसारखं आज होणार नाही. तू एक कर. दर महिन्याच्या दहा तारखेला 1,000 रुपये पाठव. त्यातले अर्धे अण्णांना जातील, जोपर्यंत त्यांचे फिटत नाहीत. बाकीचं पुढे बघू." त्याचा चेहरा उतरला. आमच्यासारखंच त्यालाही टोचलं असणार.

पाच महिने पैसे आले. सहाव्या महिन्यात आठ तारखेला फोन आला. "या वेळी जमत नाही, पोराच्या फीला गेले. पुढच्या महिन्यात दोन्ही देतो." फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्या महिन्यात पैसे आले नाहीत आणि आमचा विश्वास मात्र वाढला. कारण पूर्वी हाच माणूस अडचण आली की फोन बंद करत होता. आता अडचण आली म्हणून फोन करतो. पुढच्या महिन्यात 2,000 आले.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. पुढच्या रविवारी आम्ही वर्गात काय सांगितलं ते थोडक्यात असं.

योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला 20 चांदीच्या नाण्यांना विकलं. विकायची कल्पना कुणाची? यहूदाची. उत्पत्ती 37 मध्ये आहे. त्यानंतर सुमारे 22 वर्षांनी ते योसेफापुढे उभे राहिले. त्यांना बघून तो बाजूला जाऊन रडला. म्हणजे मनातला राग तेव्हाच वितळत होता. पण ही माणसं बदलली आहेत का, हे त्याला रडून कळणार नव्हतं. म्हणून त्यानं तोच प्रसंग पुन्हा त्यांच्यापुढे आणला. पुन्हा बापाचा लाडका धाकटा भाऊ, पुन्हा त्याला परक्या देशात सोडून आपण सुखरूप घरी जायची संधी. बन्यामिनाच्या पोत्यात प्याला सापडला. आता हे काय करणार? तेव्हा पुढे कोण आला? तोच यहूदा. त्यानं बापाला शब्द दिला होता की या पोराचा मी जामीन. तो म्हणाला की याच्या बदली मला गुलाम करून ठेवा, याला जाऊ द्या. हे ऐकल्यावर योसेफाला स्वतःला आवरणं अशक्य झालं आणि त्यानं आपली ओळख दिली. तो प्याला शिक्षा म्हणून नव्हता. कुणाला तरी परत जवळ घ्यायचं होतं म्हणून होता. ज्यांना कायमचं तोडायचं असतं त्यांची परीक्षा घ्यायची गरजच नसते.

मुलगा थोडा वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "म्हणजे यहूदा पास झाला." सगळा वर्ग हसला. आम्ही म्हणालो, होय, पास झाला.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, येशूला धरून देणारा पण यहूदाच ना?" होय. नाव एकच. एकानं भावाला 20 नाण्यांना विकलं, दुसऱ्यानं प्रभूला 30 नाण्यांना. दोघांनाही पश्चात्ताप झाला. इस्कर्योतानं तर पैसेही परत केले. पण त्याला वाटलं की आता आपल्याला कुणी जवळ घेणार नाही, आणि तो एकटाच निघून गेला. याकोबाचा यहूदा मात्र भावांना सोडून दूर गेला तरी परत आला आणि एक दिवस दुसऱ्यासाठी उभा राहिला. आमचा मित्र पहिल्या वाटेनं अर्ध्यापर्यंत गेला होता. अण्णांना टाळत होतो त्या सतरा दिवसांत आम्हीही.

जामीन राहू नये असं आम्ही तुम्हाला सांगत नाही. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय याबाबत कडक आहे. तिथे म्हटलंय की दुसऱ्यासाठी हमी देऊन अडकला असशील तर जाळ्यातल्या हरणासारखा धडपडून सुटून ये. बेनसिराचा 29वा अध्याय दोन्ही बाजू सांगतो. सज्जन माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो. पण जामीन राहून पुष्कळ जण धुळीला मिळालेत. तेव्हा ऐपतीप्रमाणे मदत कर आणि स्वतःही सांभाळ. आम्ही आता हेच पाळतो. कागद पूर्ण वाचतो. जेवढे बुडाले तरी घर चालेल तेवढ्याच रकमेला हो म्हणतो. आणि आमच्या भरवशावर दुसऱ्या कुणालाही सही करायला सांगत नाही.

शुभवर्तमानात प्रभूबद्दल एक गोष्ट आहे ती आम्हाला अलीकडे फार जवळची वाटते. योहान 2 मध्ये म्हटलंय की पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, पण त्यानं स्वतःला त्यांच्या हवाली केलं नाही, कारण माणसाच्या आत काय आहे ते त्याला माहीत होतं. तोच प्रभू, धरून देणाऱ्याला ओळखूनही, त्याला आपल्या हातानं घास देतो. सावधही राहतो आणि ताटावरून उठवतही नाही. आम्हाला दोन्ही एकत्र जमत नाही, निदान अजून तरी. आणि इब्री लोकांच्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलेलं आहे. पूर्वी आम्ही त्या शब्दावरून सहज पुढे जायचो. चाळीस हप्ते भरल्यावर कळलं की तो केवढा शब्द आहे. आम्ही न वाचता सही केली होती. त्यानं आम्हाला पूर्ण वाचून, आमच्यात काय आहे ते सगळं माहीत असून, सही केली.

येत्या महिन्यात धाकटीचं दृढीकरण आहे. धर्मपित्याला बोलवायचं का, हे आम्ही तिच्यावर सोपवलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "बोलवा. पण पुढच्या बाकावर अण्णा आणि पोस्टमन आजोबा बसतील." तसंच ठरलं आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, ज्यांनी आम्हाला दुखावलं त्यांना क्षमा करायला आम्हाला मन दे, आणि कुणावर किती विसंबावं हे ओळखायला डोळे दे. जे आमच्या भरवशावर उभे आहेत त्यांना आमच्यामुळे कधी मान खाली घालावी लागू नये. आणि आम्ही चुकलो तर तोंड लपवून पळून न जाता परत यायचं बळ दे. आमेन.